पूर्ण एक मिनिट

माणसे भेटली की नमस्कार करतात, किंवा निदान 'बरं आहे ना' असे विचारतात. माझे घरमालक यांपैकी काहीच करीत नसत. ते समोरच्याचा हात आपल्या हातात घेत, अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटे ठेवीत आणि स्वतःच्या मनगटावर आतल्या बाजूस बांधलेल्या घड्याळाकडे पाहत उभे राहत. पूर्ण एक मिनिट. तेवढ्यात समोरचा माणूस बोलला, तर ते मान हलवून त्याला गप्प करीत आणि पुन्हा एकपासून मोजू लागत. मासळीबाजारात, बँकेच्या रांगेत, एकदा तर लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आधी खुद्द नवऱ्या मुलाचा हात त्यांनी असा धरला होता. भटजी थांबले होते. मुहूर्त टळला नाही, एवढेच.

रत्नागिरीत कचेरीच्या मागच्या आळीत त्यांच्या घराची पडवी मी भाड्याने घेतली, त्याला आता अठरा वर्षे झाली. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, हरकती, तक्रारी, हमीपत्रे आणि रजेची पत्रे लिहून देणे हा माझा व्यवसाय आहे. माझे शालेय शिक्षण नववीच्या पुढे गेले नाही. तथापि माझ्या मसुद्यातील एकही शब्द न बदलता आदेश काढणारे अधिकारी या जिल्ह्यात होऊन गेले आहेत, हे मी नम्रपणे नमूद करतो. घरमालकांना मी 'मालक' म्हणत असे. ते मला 'अर्जवाले' म्हणत आणि त्याच वाक्यात अरे-तुरे करीत.

मालक डॉक्टर नव्हते. एका इस्पितळात इसीजी काढण्याच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. पत्नी वारली होती, मूलबाळ नव्हते. निवृत्त होताना टाकून द्यायला काढलेली इसीजीच्या कागदाची काही बंडले त्यांनी घरी आणली होती. त्या गुलाबी चौकटींच्या लांबलचक पट्टीवर ते वाणसामानाची यादी लिहीत. दुकानदार ती कापडासारखी उलगडत जाई आणि म्हणे, "काका, तुमच्या डाळ-तांदळाचे ठोके बरे आहेत हो." मालक हसत नसत. ते त्याचा हात मागत.

आरंभी मला हा सर्व प्रकार पोरकट वाटे. एके दिवशी मी त्यांना विचारले, की पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर चालत नाही काय? डॉक्टर लोक तसेच करतात.

"डॉक्टरांना घाई असते," ते म्हणाले. "मला नाही. ठोका एखादाच चुकतो, अर्जवाले. तो नेमका उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत असला तर? गुणाकारात चुकलेला ठोका सापडत नाही."

आमचा खरा वाद होता तो माझ्या एका शब्दावरून. रजेच्या अर्जांत 'किरकोळ तापामुळे' असे लिहिण्याची माझी पद्धत होती. त्याने साहेबाला संशय येत नाही आणि अर्जदारही मोठा आजारी ठरत नाही. मालक पडवीत येत, माझ्या टेबलावरचा कागद उचलीत आणि तेवढ्या एकाच शब्दावर नखाने रेघ ओढीत. कागद खराब होई. मी पुन्हा छापत असे. ते पुन्हा रेघ ओढीत.

त्यांचे म्हणणे मी अनेक वेळा ऐकले आहे. ते माझ्या शब्दांत देण्यापेक्षा त्यांच्याच शब्दांत दिलेले बरे, कारण मी ते लिहिले तर त्याचा अर्ज होईल.

"पावसाळ्यात सर्दी-खोकल्याची साथ आली की बाहेर केसपेपरच्या खिडकीशी रांग लागायची," ते सांगत. "ती रांग सरली, लोक म्हणाले साथ गेली, की आठ-पंधरा दिवसांत माझ्या खोलीबाहेर रांग सुरू. तीच माणसं. काही तर त्याच शर्टात. आता खोकला नाही, पण छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, जिना चढवत नाही, पाय सुजलेत. दोन्ही रांगा सगळ्यांनी पाहिल्या. मधली वाट कुणी पाहिली नाही."

मी म्हणालो होतो, की खोकला फुप्फुसाचा. त्यात हृदयाचा काय संबंध?

त्यावर त्यांनी कार्याच्या घराचा दाखला दिला. घरात नको असलेला पाहुणा शिरला, की त्याला बाहेर काढायला सगळे घर उठते. आरडाओरड होते, भांडी पडतात. शरीरातही तेच घडते. विषाणू आला तो नाकातून आणि छातीतून, पण भांडण सगळ्या अंगभर पसरते. रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठू लागते. नळ्यांचे अस्तर सुजते. ज्याच्या नळीत आधीच चरबीचा थर बसला आहे, त्याचा तो थर या धुमाळीत फुटतो आणि त्यावर गाठ धरते. हृदयाला तर त्या दिवसांत दुप्पट पळावे लागते, तेही कमी प्राणवायूवर. आणि कधी कधी, माणूस तरुण आणि धडधाकट असला तरी, भांडणाची झळ थेट हृदयाच्या मांसालाच लागते. तेच सुजते.

"ताप उतरला म्हणजे पाहुणा गेला," ते म्हणत. "घर आवरलं असं नाही. आणि तुम्ही लोक त्याच दिवशी दुसरं कार्य काढता."

त्यांचा नियम साधा होता. ताप उतरल्याची तारीख लक्षात ठेवायची. पुढचे दोन आठवडे ओझे उचलायचे नाही, पळायचे नाही, माडावर चढायचे नाही. बसल्या जागी नाडी पळत असेल, मध्ये अडखळत असेल, छाती दुखत असेल, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे. मोठ्या साथीच्या काळात जो तो दुसऱ्यापासून लांब पळत होता, तेव्हा हे गृहस्थ बरे होऊन घरी आलेल्यांच्या दारात जाऊन उभे राहत. लोक म्हणत, गेलं ना आता सगळं, काका? ते म्हणत, "म्हणूनच आलो."

हे सारे ते कोणत्या अधिकाराने करतात, असे मी त्यांना एकदा विचारले. माझ्या व्यवसायात तो प्रश्न पहिला येतो.

त्यांनी मनगटावरचे घड्याळ सोडून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "आख्ख्या नोकरीत मी एकच वाक्य बोललो. पट्टी बाहेर यायची, मला दिसायचं, आणि पलंगावरचा माणूस विचारायचा, 'कसा आहे?' मी म्हणायचो, 'डॉक्टर सांगतील.' तो माझा नियम होता. बरोबर नियम होता. पण आता मी नोकरीत नाही."

आता मला त्या शिमग्याविषयी लिहिले पाहिजे.

माझे गाव हातखंब्याच्या अलीकडे, आत आहे. माझा पुतण्या मुंबईत एका गोदामात कामाला असतो, वय सव्वीस. शिमग्याला तो येतो, सगळेच येतात. त्या वर्षी ग्रामदेवतेच्या पालखीचा पुढचा दांडा धरण्याचा मान आमच्या घराकडे होता आणि तो आमच्या घरातून त्याने धरायचा, असे ठरलेले होते. येताना तो खोकत आला. दोन दिवस ताप होता, तो उतरला. रजा वाढवून घेण्यासाठी अर्ज हवा म्हणून तो माझ्या पडवीत आला. मी अर्जात 'किरकोळ' हा शब्द घालून मोकळा झालो होतो, तोच मालक मागच्या दाराने आले. त्यांनी खोकला ऐकला होता.

त्यांनी त्याचा हात धरला. एक मिनिट झाले. त्यांनी सोडला नाही. आणखी एक मिनिट मोजले. असे ते कधी करीत नसत.

"ताप कधी उतरला?"

"झाले की तीन दिवस, काका."

"आत्ता चालत आलास?"

"नाय, गाडीवरनं. अर्धा तास झाला बसलोय इथं."

"छातीत?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. "जरा जड वाटतं. प्रवासाचं असंल."

मालक म्हणाले, की आत्ताच इस्पितळात जा, पट्टी काढून घे, आणि उद्या दांड्याला हात लावू नकोस. पुतण्या ओशाळून हसला. शिमगा झाला की जातो, म्हणाला. मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मालक, तो घराचा मान आहे." त्या वेळी माझ्या मते एवढे उत्तर पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पालखी सहाणेवरून, म्हणजे देवळासमोरच्या तिच्या बैठकीच्या चौथऱ्यावरून, उठण्याच्या वेळी मला गर्दीत पांढरा शर्ट दिसला. मालक एसटीने येऊन, फाट्यापासून उन्हातून चालत आले होते. ढोल सुरू झाला होता. पोरांनी दांडे खांद्यावर घेतले होते. आमच्या गावची रीत अशी, की दांड्याखाली खांदा गेला की त्या माणसाला परक्याने शिवायचे नाही. नाच संपेपर्यंत तो देवीचा असतो. मालक सरळ पुढे गेले आणि त्यांनी पुतण्याचे मनगट धरले. आणि घड्याळाकडे पाहू लागले.

ढोल थांबला. एवढ्या माणसांत एक मिनिट किती मोठे असते, ते मी त्या दिवशी पाहिले.

गावचे प्रमुख मानकरी, गावकर, पुढे आले. वयस्क माणूस, रागावला तरी आवाज चढवीत नाही. त्यांनी विचारले, "तुम्ही डाक्टर काय?"

"नाही."

"मग देवीच्या मानसाला हात लावायचं कारन?"

"मी मोजतो," मालक म्हणाले. "याचे ठोके चुकतायत. हा नाचला तर पडेल."

मागून कोणी तरी म्हणाले, की अर्जवाल्याच्या मालकाला उन्ह लागलं. लोक हसले. गावकर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझी मान खाली गेली. परक्याचा हात लागल्यामुळे पुतण्याला दांडा सोडावा लागला. त्याच्या जागी भावकीतला दुसरा मुलगा गेला. पालखी नाचली. पुतण्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर बसून राहिला. तो रागाने गप्प आहे, असे मी समजलो. मालक पुन्हा उन्हातून फाट्याकडे चालत गेले. त्यांना पाणीही कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

त्याच संध्याकाळी गावकरांच्या ओटीवर बसून मी तक्रारअर्ज लिहिला. 'कोणतीही वैद्यकीय पात्रता नसताना', 'धार्मिक कार्यात हेतुपुरस्सर अडथळा', 'भाविकांना भयभीत करून'. सोळा सह्या झाल्या. माझी सही त्यात नव्हती. लिहिणाऱ्याची सही अर्जावर नसते. सकाळच्या पहिल्या गाडीने गावकर तो घेऊन गेले आणि कचेरी उघडताच देऊन, पोच घेऊन आले.

ते परत आले तेव्हा आम्ही गावात नव्हतो. त्या सकाळी पुतण्या विहिरीवरून कळशी घेऊन येताना पायरीवर बसला तो उठेना. ओठ काळवंडले होते. रिक्षात घालून त्याला रत्नागिरीस आणले. डॉक्टरांनी सांगितले, की तापाच्या विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली आहे. काल जर याने अंगमेहनत केली असती तर तुम्ही याला जिवंत आणलेच नसते. त्यांनी हेही विचारले, की काल तो थांबला कसा? मी औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर आलो.

अर्ज मागे घेता आला असता. मसुदा माझ्या डोक्यात तयार होता, तीन ओळींचा. परंतु सह्या सोळा माणसांच्या होत्या, आणि मी लिहिलेला अर्ज आजवर कधी मागे घेतला गेला नव्हता. मी आज करू, उद्या करू, असे म्हणत राहिलो.

वीस-पंचवीस दिवसांनी मालक एक सरकारी लखोटा घेऊन पडवीत आले आणि समोरच्या बाकावर अर्जदार बसतात तसे बसले. सोबत तक्रारीची प्रत होती.

"मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "'भयभीत' दोनदा आलंय. एकदा पुरलं असतं."

मी प्रत घडी करून बाजूला ठेवली.

"पोरगं कसं आहे?"

मी सांगितले, की घरी आणले आहे, सहा महिने मेहनतीचे काम बंद आहे. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "खुलासा मागितलाय. मला लिहिता येत नाही असलं. तू लिही."

मी लिहिला. आयुष्यात इतका उत्तम खुलासा मी लिहिलेला नाही. पण शेवटी, माझ्या सवयीने, मी एक हमीपत्र जोडले: 'यापुढे मी कोणाही व्यक्तीचा हात नाडी पाहण्याच्या हेतूने धरणार नाही.' अशी प्रकरणे मिटवायची तर हमीपत्र लागते, असे मी त्यांना सांगितले. ते खोटे नव्हते. पूर्ण खरेही नव्हते. पुतण्याला जीवदान मिळाले, एवढे एक वाक्य माझ्या सहीने गेले असते, तर कशाचीच गरज पडली नसती.

त्यांनी ते दोनदा वाचले. "कोणाही म्हणजे माझा स्वतःचासुद्धा?"

"स्वतःचा धरायला हरकत नाही," मी म्हणालो.

त्यांनी सही केली आणि ती पाळली. पुढे बाजारात लोक आपण होऊन हात पुढे करीत; पुतण्याची हकीकत सर्वांना कळली होती. मालक दोन्ही हात पाठीमागे बांधून घेत आणि म्हणत, "डॉक्टर सांगतील." पुतण्या स्वतः भेटायला आला, त्याने हात पुढे केला, तेव्हाही त्यांनी तेच सांगितले. त्या दिवशी मी टेबलावरचे कागद उगाच सारखे करीत बसलो होतो.

श्रावणात त्यांना ताप आला. खोकलाही होता. तीन दिवसांनी ताप उतरला, तेव्हा त्यांनी गुलाबी पट्टीवर 'उतरला' असे लिहून खाली दिवसांच्या रेघा ओढायला सुरुवात केली. ते ओटीवर बसून असत; आपला उजवा हात डाव्या हाताने धरलेला, घड्याळ मांडीवर. सहाव्या रेघेच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"अर्जवाले, माझ्या बोटांना आज कळत नाही. गार पडलीत. तू धर."

मी म्हणालो, की मला येत नाही. त्यांनी माझी तीन बोटे घेऊन जागेवर ठेवली आणि घड्याळ माझ्या हाती दिले. त्यांचे मनगट ओले होते. मी मोजू लागलो. मध्येच भ्यालो, चुकलो. त्यांनी मान हलवली, आणि मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मिनिट संपले.

मी म्हणालो, "मालक, प्रकृती थोडी अस्थिर वाटते, तथापि..."

"शब्द नको. आकडा सांग."

"एकशे चोवीस."

"चुकतात?"

"पाच वेळा."

"मग गाडी बोलाव," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकले. "छातीत सकाळपासून आहे."

इस्पितळात एका तरुण मुलीने त्यांचा इसीजी काढला. खोली तीच होती, यंत्र नवे होते. पट्टी बाहेर आली, ती तिने पाहिली आणि तिचा चेहरा जरासा बदलला. मालक तिच्याकडेच पाहत होते. त्यांनी विचारले, "कसा आहे?"

"डॉक्टर सांगतील, आजोबा," ती म्हणाली.

मालकांच्या चेहऱ्यावर हसू आलेले मी तेव्हा प्रथमच पाहिले. "बरोबर," ते तिला म्हणाले.

त्यांच्या हृदयाच्या नळीत गाठ अडकली होती. तापानंतरच्या दिवसांत वयस्कांना हे होते, असे डॉक्टर मला समजावून सांगू लागले, तेव्हा मी म्हणालो, की मला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन एक अर्ज लिहिला. तक्रारीचा मसुदा माझा होता, तीतील मजकूर वस्तुस्थितीला धरून नव्हता, सबब सदर हमीपत्र रद्द समजण्यात यावे. खाली प्रथमच माझी स्वतःची सही केली. दुसऱ्या दिवशी तो त्यांना पलंगाशी बसून वाचून दाखवला. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होते.

"लांब झालाय," ते म्हणाले. "पण दे."

मी दिला. त्यानंतरच्या सकाळी ते गेले. दीड महिन्याने कचेरीचे उत्तर आले, की संबंधित इसम हयात नसल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आले आहे.

पडवी अजून माझ्याकडे आहे. त्यांच्या भाच्याने राहू दिले आहे. घड्याळही माझ्याकडेच राहिले. रजेच्या अर्जांत आता मी ताप उतरल्याची तारीख लिहितो आणि कामावर कधी जायचे ते डॉक्टरांना विचारून ये, असे सांगतो. लोक कुरकुरतात.

यंदा शिमग्याच्या आदल्या दिवशी पुतण्या आला. डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून त्याला मोकळीक दिली होती, त्याचा कागद त्याच्या खिशात होता. दांडा पुन्हा आमच्या घराकडे आला होता. तो बाकावर बसला आणि बोलता बोलता त्याने हात माझ्या टेबलावर ठेवला, उताणा. तो मागे घेईल म्हणून मी थोडे थांबलो. त्याने घेतला नाही.

मी तीन बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. मध्ये तो काही तरी सांगू लागला, तेव्हा मी मान हलवून त्याला गप्प केले आणि एकपासून मोजले. बाहेर दोन अर्जदार उभे होते, ते उभेच राहिले.

"कसा आहे, काका?" त्याने विचारले.

"एकाहत्तर," मी म्हणालो, आणि त्यापुढे एकही शब्द जोडला नाही.